कारभारी बदलतांना

घरांतला गडी बदलला तर चार दिवस गैरसोय होते. दिवाणजी बदलला तर घरधन्याची झोंप उडते. गड्याच्या हातीं काम असतें, दिवाणजीच्या हातीं किल्ल्या असतात. जुन्या पेढ्यांवर, इनामदारांच्या वाड्यांतून आणि कुळकर्ण्यांच्या ओसरीवर हा फरक पोरासोरांसही ठाऊक असे. हल्लीं मात्र आपल्यापैकीं पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांच्या व्यवसायांत एक नवा दिवाणजी शिरला आहे आणि त्यास आपण अद्यापि गडीच समजत आहों. हा दिवाणजी म्हणजे आपल्या ई-मेलची व्यवस्था पाहणारा आय्. टी. कंत्राटदार. तो बैठकीवर येऊन बसत नाहीं, दुरूनच काम करतो, वर्षाकांठीं बिल पाठवितो. त्यामुळें त्याच्या कमरेचा जुडगा आपल्या दृष्टीस पडत नाहीं. त्यास निरोप देण्याची वेळ आली म्हणजे तो जुडगा एकदम दिसूं लागतो. ह्या वेळचें सदर त्या जुडग्याविषयीं आहे.

दिंडोशी म्हटलें कीं जुन्या मुंबईकरांस आरेची झाडी आणि चित्रनगरीचा डोंगर आठवतो. मृणाल गोरे आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं चालविलेल्या नागरी निवारा परिषदेमुळें तेथें मध्यम स्थितींतील हजारों कुटुंबांस हक्काचें घर मिळालें. पुढें जनरल अरुणकुमार वैद्य मार्गाच्या आसपास आय्. टी. कचेऱ्यांच्या कांचेच्या इमारती उठल्या. २ एप्रिल २०२२ पासून मेट्रोही तेथें थांबूं लागली. ह्या वस्तींत घरच्याच माणसांनीं चालविलेल्या लहान कचेऱ्या पुष्कळ आहेत. त्यांपैकीं आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबाची हकीगत येथें सांगण्यासारखी आहे.

प्रयोगशाळांस लागणारीं मापनाचीं उपकरणें पुरविण्याचा त्यांचा धंदा. वडिलांनीं तो सुरू केला, तिघां मुलांनीं वाढविला. थोरल्या सूनबाई हिशेब पाहतात. ई-मेलच्या एकंदर चौदा पेट्या. त्यांची व्यवस्था धाकट्या सूनबाईंचे आतेभाऊ पंधरा वर्षें पाहत होते. गृहस्थ सज्जन, पण त्यांचा स्वतःचा व्याप वाढला, बिऱ्हाड पुण्यास गेलें, आणि इकडे नव्यानें कामावर आलेल्या मुलीस एक पेटी उघडून द्यावयाची तरी चार-चार दिवस उत्तर येईनासें झालें. शेवटीं घरांत विचारविनिमय होऊन जवळच्याच एका नव्या संस्थेस काम देण्याचें ठरलें. “पाहुण्यांना फोन करूं, पासवर्ड विचारून घेऊं आणि नव्या मंडळींस देऊं, दहा मिनिटांचें काम,” असें थोरले बंधू म्हणाले. त्या दहा मिनिटांस पांच आठवडे लागले. त्यांतील दोन दिवस तर असे गेले कीं, उद्यां सकाळीं कचेरीचें टपाल उघडतां येईल कीं नाहीं ह्याची कोणासच शाश्वती नव्हती.

असें कां झालें तें कळण्यास ई-मेलची मांडणी थोडी समजून घेतली पाहिजे. तींत तीन निरनिराळ्या गोष्टी असतात आणि बहुतेक घोटाळे त्या तीन एकच मानल्यानें होतात. पहिली गोष्ट पत्ता. माणसाच्या नांवापुढें 'ॲट'ची खूण आणि तिच्यापुढें संस्थेचें नांव. ह्या नांवास डोमेन म्हणतात. ('ॲट'ची खूण रे टॉमलिन्सन ह्या अमेरिकन अभियंत्यानें १९७१ सालीं योजिली. इतकी लहान खूण आणि इतका मोठा संसार!) दुसरी गोष्ट वाडा, म्हणजे पत्रें प्रत्यक्ष जेथें राहतात ती जागा. ती हल्लीं आपल्या कचेरींतल्या यंत्रांत नसते. गूगल, मायक्रोसॉफ्ट, झोहो अशा कंपन्यांच्या प्रचंड कोठारांत भाड्यानें घेतलेली असते. तिला 'क्लाउड' असें काव्यमय नांव पडलें आहे. तिसरी गोष्ट कारभारी, म्हणजे आपल्या वतीनें ह्या वाड्याचीं दारें उघडणारा आणि लावणारा कंत्राटदार.

पत्ता आणि वाडा ह्यांस जोडणारी एक ओळ डोमेनच्या नोंदींत असते: 'ह्या नांवानें येणारें टपाल अमक्या कोठारांत पोंचवावें.' तिला एम्. एक्स्. नोंद म्हणतात, १९८६ पासूनची ही पद्धत आहे. ही ओळ ज्यास बदलतां येते त्यास तुमचें सगळें टपाल वाटेल तिकडे वळवितां येतें. म्हणून तिन्हींत श्रेष्ठ कोण असें विचारल्यास आम्ही निःशंकपणें पत्ता असें उत्तर देऊं. वाडा दुसरा मिळतो, कारभारी दुसरा मिळतो. वीस वर्षें ग्राहकांच्या ओळखीचा झालेला पत्ता गेला तर परत मिळत नाहीं.

ह्याचें मोठें उदाहरण नुकतेंच देशासमोर घडलें. केंद्र सरकारच्या सुमारें १२ लाख कर्मचाऱ्यांच्या ई-मेलची व्यवस्था झोहो ह्या भारतीय कंपनीच्या यंत्रणेवर नेल्याचें २०२५ च्या ऑक्टोबरांत प्रसिद्ध झालें. त्यासंबंधीं सात वर्षांचा करार २०२३ सालींच झालेला होता. एवढी उलथापालथ झाली, तरी अधिकाऱ्यांच्या पत्त्यांच्या शेवटीं असणारें 'गव्ह डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' हें नांव जसेंच्या तसें राहिलें. वाडा बदलला, दारावरची पाटी बदलली नाहीं, कारण पाटी सरकारच्या मालकीची होती.

आमच्या दिंडोशीच्या कुटुंबास तर वाडाही बदलावयाचा नव्हता. चौदाही पेट्या मायक्रोसॉफ्टच्या कोठारांत होत्या आणि तेथेंच राहावयाच्या होत्या. एकही पत्र हलवावयाचें नव्हतें. येथें पुष्कळ कुटुंबें फसतात. नवा कंत्राटदार “सगळें नव्यानें उभारून देतों” म्हणतो, पत्रें इकडून तिकडे नेण्याचें निराळें बिल लावतो, आणि घरच्या मंडळींस तें आवश्यकच वाटतें. कारभारी बदलण्यासाठीं घर सोडावें लागत नाहीं, एवढें ज्याच्या ध्यानांत आलें त्याचा बराच खर्च आणि बरीच धास्ती तेथेंच वांचते.

मग पांच आठवडे कशांत गेले? तीन गांठी सुटेनात. पहिली गांठ डोमेनची. २०१० सालीं आतेभावांनीं तें स्वतःच्या खात्यांतून नोंदविलें होतें आणि नोंदवहींत मालक म्हणूनही त्यांचेंच नांव पडलें होतें. त्यांत कपट नव्हतें. घाईच्या वेळीं जें सोपें वाटलें तें केलें. पण कागदोपत्रीं त्या कुटुंबाचा पत्ता पंधरा वर्षें दुसऱ्याच्या मालकीचा होता. ते गृहस्थ एखाद्या वर्षीं नूतनीकरणाची रक्कम भरावयास विसरले असते, तर ज्या नांवावर तीन भावांचा संसार चालतो तें बाजारांत कोणीही उचललें असतें.

दुसरी गांठ सर्वाधिकाऱ्याची. मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेंत त्यास 'ग्लोबल ॲडमिनिस्ट्रेटर' म्हणतात, गूगलच्या व्यवस्थेंत 'सुपर ॲडमिन'. नवी पेटी उघडणें, जुनी बंद करणें, कोणाचाही पासवर्ड बदलणें, हें सर्व तो करूं शकतो. ह्या कुटुंबाच्या व्यवस्थेंत असा सर्वाधिकारी एकच होता आणि तोही घरचा नव्हता. त्याचा पासवर्ड आतेभावांनीं तत्काळ कळविला. पण दाराला दुसरें कुलूप होतें. पासवर्ड दिल्यावर जो अंक मोबाईलवर येतो तो त्यांच्या एका साहाय्यकाच्या मोबाईलवर येत असे, आणि तो साहाय्यक दोन वर्षांपूर्वींच नोकरी सोडून गेला होता. ते दोन दिवस काळजीचे गेले ते ह्याच ठिकाणीं. शेवटीं आतेभावांच्या संस्थेस पूर्वीं दिलेला मुखत्यारीचा अधिकार अद्यापि जिवंत आहे असें आढळलें आणि त्या मागच्या दारानें आंत शिरून पुढचें दार उघडतां आलें.

तिसरी गांठ भाड्याची, आणि ती पैशानें सुटणारी म्हणून त्यांतल्या त्यांत सोपी. पेट्यांचें भाडें वर्षभराच्या बोलीनें कंत्राटदारामार्फत भरलेलें होतें. मायक्रोसॉफ्टच्या सध्यांच्या पद्धतींत अशी बोली पहिल्या सात दिवसांत मोडतां येते; पुढें मुदत संपेपर्यंत पैसे देणें भागच. म्हणून कंत्राटदार बदलावयाचा तर शक्यतों मुदतीच्या अखेरीस बदलावा, नाहीं तर उरलेली बोली नव्याच्या नांवें करून घेण्याविषयीं दोघांशींही आधीं बोलून ठेवावें.

मुखत्यारी हा शब्द वर सहज आला, पण सगळें मर्म त्यांतच आहे. घर विकण्याचें कुलमुखत्यारपत्र आपण कोणासही देत नाहीं. दिलेंच तर कोणत्या कामापुरतें आणि किती दिवसांपुरतें हें वकिलाकडून लिहवून घेतों. ई-मेलच्या बाबतींत मात्र वर्षानुवर्षें बिनमुदतीची आणि बिनशर्तीची मुखत्यारी सर्रास दिली जात असे. तिचा धोका २०२१ सालीं जगास दिसला. रशियाशीं संबंधित म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घुसखोरांच्या एका टोळीनें मोठमोठ्या संस्थांवर सरळ चाल न करतां त्यांच्या कंत्राटदारांस गांठलें. १४० हून अधिक कंत्राटदारांस सावध केल्याचें मायक्रोसॉफ्टनें त्या वर्षींच्या ऑक्टोबरांत जाहीर केलें; त्यांपैकीं सुमारें १४ जणांच्या घरांत चोर शिरलाही होता. एका दिवाणजीचा जुडगा चोरला कीं त्याच्या सगळ्या धन्यांचीं दारें उघडतात, हा त्यांचा हिशेब. त्यानंतर मायक्रोसॉफ्टनें मुखत्यारीची पद्धत बदलली. आतां कोणत्या कामाचा अधिकार द्यावयाचा तें एकेक करून सांगावें लागतें आणि कोणतीही मुखत्यारी एका वेळीं दोन वर्षांहून अधिक टिकत नाहीं. नव्या कंत्राटदारानें सर्वाधिकार मागितला तर तो कशासाठीं, असें विचारण्यास संकोच वाटूं देऊं नये. पेट्या उघडणें, पासवर्ड बदलून देणें ह्या रोजच्या कामांस सर्वाधिकार लागत नाहीं.

किल्ल्या स्वतःच्या हातीं असल्या म्हणजे सर्व भय संपलें असेंही मात्र नव्हे. मुंबईंत मुख्य कचेरी असलेल्या नायरा एनर्जी ह्या तेल कंपनीस २०२५ च्या जुलैंत ह्याचा कटु अनुभव आला. गुजरातेंत वाडीनार येथें तिचा तेलशुद्धीचा कारखाना. तिच्या भागांपैकीं ४९.१३ टक्के भाग रशियाच्या रोझनेफ्ट कंपनीकडे. युरोपीय संघानें १८ जुलैस तिच्यावर निर्बंध घातले आणि २२ जुलैस मायक्रोसॉफ्टनें तिची सेवा थांबविली. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयांत गेली, मध्यंतरीं ई-मेलसाठीं मुंबईच्याच रेडिफचा आश्रय तिनें घेतला, आणि महिना संपण्यापूर्वीं मायक्रोसॉफ्टनें सेवा पूर्ववत् सुरू केली. येथें कारभाऱ्याचा दोष नव्हता. वाड्याच्या मालकानेंच दार लावलें. आपल्यासारख्यांच्या लहान कचेऱ्यांवर असा प्रसंग क्वचितच येईल. तरी डोमेनची नोंदणी आणि पत्रांचा वाडा हीं दोन्ही एकाच कंपनीकडे ठेवूं नयेत, आणि महत्त्वाच्या पत्रांची एक प्रत त्या वाड्याबाहेर असावी, असें आमचें मत ह्या प्रकरणानें पक्कें झालें आहे.

आतां प्रत्यक्ष देवघेव कशी करावी तें सांगतों. एक नियम प्रथम ध्यानांत धरावा: नवा आंत येऊन स्थिर झाल्याखेरीज जुन्यास बाहेर काढूं नये, आणि नवा स्थिर झाल्यावर जुन्यास एक दिवसही आंत ठेवूं नये. मुंबई राज्यांत १९५० च्या कायद्यानें कुळकर्णी वतनें रद्द झालीं आणि ज्यांच्या घरांत दप्तर पिढ्यान्‌पिढ्या नांदलें त्यांस तें पगारी तलाठ्याच्या स्वाधीन करावें लागलें. आपल्यापैकीं कित्येकांच्या आजोबांनीं हें केलेलें आहे. दप्तर देतांना रुमाल मोजून, यादी करून, खालीं सही घेऊन देत. ई-मेलचें दप्तरही असेंच मोजून घ्यावें. पेट्या किती, कोणाच्या. कोणत्या पत्त्यावर आलेलें पत्र कोणाकोणास जातें. डोमेन कोठें नोंदलें आहे आणि त्याची मुदत केव्हां संपते. त्याच्या नोंदींत कोणकोणत्या ओळी आहेत, हें सर्व कागदावर उतरवून घ्यावें. ह्या ओळींपैकीं एम्. एक्स्. नोंदीविषयीं वर लिहिलेंच आहे. दुसऱ्या कांहीं ओळी आपण पाठविलेलें पत्र खरोखर आपलेंच आहे अशी साक्ष देतात. स्थलांतरांत त्या गळाल्या तर पत्रें जातात खरीं, पण समोरच्याच्या 'स्पॅम'च्या टोपलींत जाऊन पडतात आणि ग्राहकाचें उत्तर कां येत नाहीं हें महिनाभर उमगत नाहीं.

यादी झाली कीं प्रथम डोमेन स्वतःच्या नांवें करून घ्यावें. खातें संस्थेच्या नांवाचें असावें, त्यास जोडलेला मोबाईल घरच्या माणसाचा असावा, आणि त्याचा ई-मेल त्याच डोमेनवरचा नसावा. घराची किल्ली घरांतच ठेवून दार ओढून घेतल्यासारखें तें होतें. नंतर घरचे दोन सर्वाधिकारी नेमावे. एक पुरत नाहीं, कारण माणूस आजारी पडतो, प्रवासास जातो, मोबाईल हरवतो. दिंडोशीच्या कुटुंबांत मधले बंधू आणि थोरल्या सूनबाई ह्यांस नेमलें. थोरल्या बंधूंनीं स्वतः होऊन नकार दिला, आणि तो आम्हांस फार समंजसपणाचा वाटला. कर्तेपणा आणि किल्ली हीं एकाच हातीं असलींच पाहिजेत असें नाहीं; ज्यास रोज हिशेब पाहावा लागतो त्याच्या हातीं ती अधिक शोभते. हे दोन्ही सर्वाधिकार रोजच्या पत्रव्यवहाराच्या पेट्यांस जोडूं नयेत. त्यांसाठीं निराळीं खातीं उघडून पासवर्ड बंद पाकिटांत बँकेच्या लॉकरमध्यें ठेवावे.

त्यानंतर नव्या कंत्राटदारास मर्यादित मुखत्यारी द्यावी, पंधरा दिवस त्याचें काम पाहावें, आणि मग जुन्याची मुखत्यारी काढावी. त्या दिवशीं आणखी एक झडती घ्यावयाची असते, आणि ती बहुतेक विसरली जाते. कोण्या पेटींतलीं पत्रें परस्पर बाहेरच्या पत्त्यावर जात आहेत काय? जुन्या व्यवस्थापकानें सोयीसाठीं लावून ठेवलेला असा एखादा नळ वर्षानुवर्षें वाहत राहतो. कचेरींतलें कागद उतरविणारें यंत्र कोणाच्या पासवर्डानें ई-मेल पाठवितें? बँकेंत आणि जी. एस्. टी.च्या दप्तरीं कोणता पत्ता नोंदला आहे? हा सगळा खटाटोप महिन्याच्या २० तारखेच्या आसपास करूं नये. दरमहा विवरण भरणाऱ्यांचा तो शेवटचा दिवस असतो. ह्याच संक्रमणकाळांत “आमचें बँकेचें खातें बदललें आहे, ह्यापुढें रक्कम येथें पाठवावी” अशीं खोटीं पत्रें ग्राहकांस जाण्याचा संभव अधिक. म्हणून मोठ्या ग्राहकांस फोन करून आधींच सांगून ठेवावें कीं, खातें बदललेलें नाहीं.

जुन्या कंत्राटदाराचें बिल किल्ल्या मागण्यापूर्वीं चुकतें करावें, असा आमचा आग्रह आहे. पैसे अडविले कीं तोही किल्ल्या अडवितो, आणि मग चूक कोणाची हें ठरविण्यास न्यायालय लागतें. दिवाणी न्यायालय दिंडोशीस जवळच आहे. पण तेथील तारीख आणि कचेरींतल्या टपालाची निकड ह्यांचें गणित जमत नाहीं. बिल देतांना उलट एक फारखत लिहून घ्यावी: 'सर्व अधिकार परत केले, कोणतीही प्रत माझ्याकडे नाहीं.' नातलगाकडून असें लिहून मागणें जड जातें हें खरें. परंतु ग्राहकांची आणि नोकरांची माहिती त्या पत्रांत असते, आणि २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षणाच्या कायद्यानें तिची जबाबदारी कंत्राटदारावर ढकलून मोकळें होतां येत नाहीं. ज्याचा धंदा त्याच्याच माथीं ती राहते. आतेभावांनीं तो कागद न विचारतांच पाठविला, आणि धाकट्या सूनबाईंच्या मनावरचा ताण उतरला. त्या पांच आठवड्यांत घरांत सर्वांत अवघड स्थिति त्यांचीच झाली होती.

एक गोष्ट राहिली. नव्या संस्थेनें काम हातीं घेतांच बिनवापराच्या पेट्यांची यादी दिली, आणि भाडें वांचावें म्हणून त्या काढून टाकण्याची शिफारस केली. शिफारस वाजवी होती. त्या यादींत तिसरें नांव वडिलांचें होतें. त्यांस जाऊन चार वर्षें झालीं होतीं. मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेंत काढून टाकलेलें खातें ३० दिवसांपर्यंत परत आणतां येतें, गूगलच्या व्यवस्थेंत २० दिवसांपर्यंत. त्यापुढें तें कायमचें जातें. थोरल्या सूनबाईंनीं यादीवर सही करण्यापूर्वीं नांवें मोठ्यानें वाचलीं म्हणून तें कळलें. चौकशीअंतीं असें समजलें कीं, ५० जी. बी.पर्यंतची पेटी 'सामायिक पेटी' करून ठेवल्यास तिला निराळें भाडें पडत नाहीं. तसें करण्यांत आलें. धंद्याचीं पत्रें तिन्ही भावांस पाहतां येतात. घरगुती पत्रांची एक प्रत काढून ती नाशिकास दिलेल्या बहिणीकडे पाठविली. तिनें त्यांतून वडिलांनीं तिला बाळंतपणांत रोज पाठविलेलीं पत्रें निराळीं काढून छापून घेतलीं आहेत. थोरले बंधू अजून त्या पेटींत गेलेले नाहींत. नंतर पाहीन म्हणतात.